भंगारातली गाडी ओळखायची कशी?

मागे आपण कडबाकुट्टीवर बोललो, तेव्हा एका ताईंनी विचारलं होतं, "इंजिनाच्या पत्र्यावर आकडे ठोकलेले असतात, ते कुणासाठी?" त्याचं उत्तर आज आम्ही एका लांबच्या गाडीवरून देणार आहोत. गाडी अमेरिकेतली आहे आणि तिचं नाव आहे गो-कार्ट.

चार लहान चाकं, जमिनीलगत बसायची जागा, मागे छोटं इंजिन. दार नाही, छप्पर नाही. रेसच्या गाड्या बनवणाऱ्या आर्ट इंगल्स नावाच्या कारागिरानं १९५६ साली कॅलिफोर्नियात पहिली गो-कार्ट केली. इंजिन होतं गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेलं, शिल्लक राहिलेलं. पुढे मातीत, वाळूत, खाचखळग्यांत पळवायच्या गो-कार्ट निघाल्या. त्यांचे टायर जाड आणि खाचांचे, सांगाडा जमिनीपासून जरा उंच. रप, मॅन्को अशा कंपन्यांनी त्या बनवल्या. होंडानं १९७७ साली ओडिसी नावाची गाडी आणली. काहींनी तर घरच्या शेडमध्येच पाइप वाकवून, वेल्डिंग करून गाडी उभी केली. आज त्या गाड्या चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या. कुठल्या तरी कोठारात गंजलेली एखादी सापडते आणि घरच्या मुलांसाठी ती पुन्हा चालू करावी असं वाटतं.

इथं पहिली चूक होते ती रंगाची. गाडी आणली की लगेच घासून चकचकीत रंग मारायचा. पण रंगाखाली आकडे बुजतात आणि तडेही झाकतात. म्हणून जाणते लोक सांगतात, आधी ओळख, मग दुरुस्ती, आणि रंग सगळ्यात शेवटी.

ओळख कशी पटवायची? अशा बऱ्याच गाड्यांवर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं इंजिन असतं. त्याच्या पत्र्यावर तीन क्रमांक ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. समजा कोड ८४०३१५ नं सुरू होतो. पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन तारीख. म्हणजे हे इंजिन १५ मार्च १९८४ चं. मॉडेल १३ नं सुरू होत असेल, तर इंजिन साधारण १३ घन इंचांचं, म्हणजे दोनशे सीसीच्या आसपासचं. तेलकट पत्रा रॉकेलच्या फडक्यानं हलकेच पुसायचा आणि आकडे वहीत उतरवून घ्यायचे. सुटा भाग मागताना हेच आकडे दुकानात सांगायचे असतात.

पण इंजिनाचं वय म्हणजे गाडीचं वय नव्हे. या गाड्यांची इंजिनं अनेकदा बदललेली असतात, कधी एकाचा पत्रा दुसऱ्यावर चढवलेला असतो. म्हणून सांगाडाही वाचावा लागतो. पाइप कुठे वाकवलाय, वेल्डिंग कारखान्यातलं एकसारखं आहे की घरगुती, इंजिनाची ताकद एकाच मागच्या चाकाला जाते की दोन्हींना, ब्रेक कसा आहे, हे सगळं पाहून जुन्या माहितीपत्रकातल्या चित्रांशी ताडतात.

मग येते इंजिनाची जात. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळं भरतात. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, आपल्या काही फवारणी पंपांसारखं. होंडाची ओडिसी टू-स्ट्रोक होती. अशा इंजिनात नुसतं पेट्रोल घातलं, तर आतला पिस्टन कोरडा घासून जाम होतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पेट्रोल डिंकासारखं चिकट होतं. म्हणून टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटर साफ करून, प्लग बदलूनच इंजिन ओढून पाहतात. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची.

आणखी एक मोह असतो वेगाचा. इंजिन ठरावीक वेगापुढे जाऊ नये म्हणून त्यावर गव्हर्नर असतो. तो काढला की गाडी पळते जोरात, पण आतला दांडा तुटू शकतो, फिरतं जड चाक फुटून तुकडे उडू शकतात, आणि इंजिन असतं बसणाऱ्याच्या पाठीमागे.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अशी जुनी गाडी सापडते तेव्हा इंजिन बहुधा जागेवर असतं, सीटही असते. गेलेलं असतं ते चेनवरचं झाकण. कधी तरी दुरुस्तीला काढलं आणि परत बसवलंच नाही. त्याच्याशिवाय गाडी चालते, म्हणून कुणाला उणीव वाटत नाही. पण उघडी चेन आणि फिरता दांडा लांब केस, ओढणी, पदर क्षणात ओढून घेतो. आपल्या देशातही गो-कार्टमध्ये केस अडकून तरुणींचे जीव गेले आहेत, २०१९ साली हरियाणात आणि २०२० साली तेलंगणात. दोघी मौजेसाठी बसल्या होत्या. म्हणून दुरुस्तीत नवा टायर, नवी सीट नंतर. आधी चेनचं झाकण, आधी ब्रेक, आधी इंजिन झटक्यात बंद करायचं बटण. आणि बसणारीनं केस घट्ट बांधून आत घ्यायचे, ओढणी उतरवूनच बसायचं.

मैत्रिणींनो, गो-कार्ट आपल्या दारी येईल न येईल. पण कडबाकुट्टी, मळणीयंत्र, पाण्याचं इंजिन, फवारणी पंप आपल्या घरी किंवा गटाकडे आहेतच. फिरता पट्टा इथंही तोच आणि पदरही तोच. "झाकण काढूनच चालव, काम लवकर उरकतं," हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. गटाच्या वहीत एक पान यंत्रांसाठी ठेवा. प्रत्येक यंत्रावरचे आकडे त्यात उतरवा. शेजारी लिहा: झाकण आहे की नाही? 'नाही' असेल, तर पुढच्या बैठकीत पहिला खर्च त्याचाच मांडा. पत्र्याचा एक तुकडा आणि चार बोल्ट, गावातला वेल्डिंगवाला तासाभरात बसवून देईल. तोवर ते यंत्र बंद ठेवा.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच. पत्र्यावरचे आकडे फक्त मिस्त्रीसाठी नसतात, यंत्र जिच्या घरी आहे तिच्यासाठीही असतात.