वॉकीटॉकी टॉवर कसा बदलतो?

हजमध्ये ९ जिलहिज्जला लाखो हाजी मिनाहून अराफातला जातात. अंतर साधारण १४ किलोमीटर. समजा, वाटेत कुणी हाजी हरवला आणि बंदोबस्तावरच्या माणसाला वायरलेसवर त्याचे नाव कळवायचे आहे. एका टॉवरची हद्द संपली तर त्याचा आवाज पोचणार कसा?

आपल्याकडे जुलूसमध्ये वापरतात ते साधे वॉकीटॉकी थेट एकमेकांशी बोलतात, त्यामुळे थोड्या अंतरावर आवाज तुटतो. ट्रंकिंग पद्धतीत मात्र अनेक टॉवर जोडलेले असतात. प्रत्येक टॉवरवर एक कंट्रोल चॅनेल असतो. सेट चालू झाला की तिथे हजेरी लावतो आणि आपला ग्रुप कळवतो. मग कुणी बटण दाबले की त्या ग्रुपचे सेट जिथे जिथे हजर असतील, त्या टॉवरवर बोलण्यासाठी चॅनेल मिळतो.

चालता चालता सेट शेजारच्या टॉवरचे सिग्नलही तपासतो. पहिला कमजोर झाला आणि दुसरा बराच चांगला असला, तरच तिकडे जाऊन नवी हजेरी लावतो. थोड्याशा फरकाने उड्या मारल्या तर बोलणे सारखे तुटेल.

घोळ दोन ठिकाणी होतो. सेट एकाच टॉवरला लॉक केलेला असेल तर तो पुढे सरकतच नाही. आणि बटण दाबताच बोलले तर पहिले शब्द जातात, त्यात हरवलेल्याचे नावही जाऊ शकते. म्हणून ज्यांच्या हाती असा सेट येईल त्यांना आम्ही सांगू: लॉक काढा, बटण दाबा, टोन ऐका, मगच बोला.