आधी कचऱ्याची वाटणी, मग हत्यारांची

लोखंडी पट्टी कानशीने घासून झाली आणि त्याच टेबलावर रेडिओतला उघडा स्पीकर दुरुस्तीसाठी ठेवला, की टेबलावर राहिलेला बारीक कीस त्याच्या चुंबकाकडे ओढला जातो. चुंबक आणि आवाजाची कॉइल यांच्यातली फट अगदी अरुंद असते. तिच्यात कीस शिरला की फुंकरीने निघत नाही, ब्रशनेही निघत नाही, आणि स्पीकर घरघरत राहतो. आता या टेबलाभोवती पाहा. कानस आपल्या खुंटीवर परत गेलेली आहे, सोल्डरिंग आयर्न स्टँडवर आहे, स्क्रू डब्यात आहेत. हत्यारे सगळी जागच्या जागी असूनही काम बिघडले, कारण आधीच्या कामाने मागे ठेवलेला कचरा तिथेच राहिला होता. घरात एकाच छोट्या जागेत सुतारकाम, सायकलची देखभाल, विजेच्या वस्तूंची दुरुस्ती आणि शिवणकाम करायचे असेल, तर जागा हत्यारांच्या हिशेबाने लावून भागत नाही. प्रत्येक काम मागे काय ठेवून जाते, हे आधी पाहावे आणि त्यावरून जागा वाटावी, असे माझे म्हणणे आहे.

नेहमीचा सल्ला याच्या उलट असतो. प्रत्येक वस्तूला जागा नेमा, सगळे हाताशी ठेवा, पावले वाचवा. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो आला कुठून ते पाहिले पाहिजे. जपानी कारखान्यांतून आलेली ‘फाइव्ह एस’ पद्धत आज आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या लहान युनिटच्या भिंतीवरही लावलेली दिसते. नको ते काढा, हवे ते रचा, स्वच्छ ठेवा, ही तिची पहिली तीन सूत्रे. घरापुरते याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियन वास्तुकार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी 1926 साली आखलेले ‘फ्रँकफर्ट किचन’. सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब अशा त्या स्वयंपाकघरात प्रत्येक पाऊल मोजून ओटा, फळ्या आणि खण बसवलेले होते, आणि फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींत अशी हजारो स्वयंपाकघरे झाली. पण ती खोली फक्त स्वयंपाकासाठी होती. घरच्यांनी तिथेच बसून जेवावे म्हटले तर जागा नसे. कारखान्यातल्या एका टेबलावरही दिवसभर एकच काम चालते. एकाच कामासाठी बांधलेली शिस्त पाच कामांच्या जागेला जशीच्या तशी लावली, की पाचही कामांची हत्यारे हाताशी येतात आणि पाचही कामांची घाण एकमेकांत मिसळते.

ही घाण एकमेकींशी कशी भांडते, ते पाहण्यासारखे आहे. सायकलच्या साखळीचे तेल फळीवर सांडले तर त्या जागी फेविकॉल धरत नाही आणि पॉलिश मारल्यावर डाग उठतो. लाकडाचा भुसा हवेत असताना व्हार्निशचा हात दिला, तर वाळलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या कणीसारखे खडे लागतात. ग्राइंडरच्या ठिणग्या भुशाच्या ढिगात पडल्या, तर तो आतल्या आत धुमसत राहतो आणि माणसे जेवायला बसल्यावर पेटतो. कापडाला तर सगळ्यांचेच वावडे. शिलाई मशीनच्या शेजारी तेलकट पाना टेकवला की नव्या ब्लाउजपीसचे नशीब ठरले. सोल्डरिंगच्या धुराचा त्रास वस्तूंपेक्षा माणसाला जास्त, कारण फ्लक्समधल्या राळेचा धूर वारंवार नाकात गेल्याने दमा जडू शकतो. कचऱ्याच्या हिशेबाने पाहिले तर घरच्या कामांची पाचच घरे होतात: कोरडी धूळ, लोखंडी कीस आणि ठिणगी, तेल, ओले काम म्हणजे रंग-पॉलिश-गोंद, आणि यांपैकी काहीच खपत नाही असे स्वच्छ काम, म्हणजे शिवण आणि इलेक्ट्रॉनिक्स. धूर या पाचही घरांवर तरंगतो, म्हणून त्याला खिडकी हवी.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुने मराठी घर याच नियमाने बांधलेले असे. पाण्याच्या कामाला मोरी, तिला चार बोटे उंचीचा काठ, म्हणजे ओल बाहेर यायची नाही. धुराला चुलीच्या वरचे धुराडे. धान्य पाखडायचे ते अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे कोंडा घरात न शिरता पुढे उडून जातो. घरात येताना धूळ आधी अंगणात, मग ओटीवर उतरे आणि देवघरापर्यंत जवळजवळ काही पोचत नसे. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत तर स्वयंपाक, अभ्यास, पाहुणा आणि झोप हे सगळे एकाच फरशीवर व्हायचे, कारण तिथे वाटणी भिंतीने होत नसे, वेळेने होई. जेवण झाले की फरशी पुसली जाई आणि मगच गाद्या पडत. छोट्या कार्यशाळेलाही हेच दोन उपाय लागतात: घाणीची एक दिशा आणि कामांच्या मधली पुसणी.

समजा, फ्लॅटमागे सहा बाय आठ फुटांची ड्राय बाल्कनी आहे. खिडकीला किंवा जाळीला लागून धूळ आणि ठिणगीची बाजू, दाराकडे स्वच्छ कामाची बाजू, आणि मध्ये टेबल. घासकाम, कापकाम खिडकीशी करायचे, त्या वेळी छताचा पंखा बंद आणि खिडकीतला एक्झॉस्ट चालू, कारण छताचा पंखा धूळ बाहेर न काढता घरभर वाटतो. लाकडाची धूळ हा नुसता केरकचरा नव्हे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती 1995 साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. शिसवाच्या धुळीने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते. म्हणून पॉलिश पेपर घासताना एन-95 मास्क हवाच, आणि काम संपल्यावर कोरडा झाडू नको, ओले फडके हवे. झाडूने बसलेली धूळ पुन्हा उठते आणि दाराकडच्या मिक्सरच्या उघड्या मोटरीत जाऊन बसते. भुसा आणि कीस एकाच सुपलीत भरू नयेत. कीस उचलायला जुन्या स्पीकरचे चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेबलावरून फिरवावे. कीस पिशवीला बाहेरून चिकटतो, आणि पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतले की सगळा आत राहतो.

ओल्या कामाचा एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. लाकडाला जवसाचे उकळलेले तेल, रंगाऱ्यांच्या भाषेत बेलतेल, लावून झाल्यावर ते फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले, तर काडी न लावताही पेटू शकते. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि वाळताना उष्णता सोडते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळ्यात साठत जाते. असे फडके बाहेर दोरीवर एकेक घडी उलगडून वाळवावे, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावे. विजेचे गणितही येथेच मांडलेले बरे. आपल्याकडे 230 व्होल्टवर 6 अँपिअरच्या सॉकेटमधून 1380 वॅटपर्यंत भार घेता येतो. चार इंची ग्राइंडर त्यात बसतो, पण हाताची सर्क्युलर सॉ आणि सोबत व्हॅक्युम क्लीनर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले तर बसत नाहीत. या कोपऱ्याला 16 अँपिअरचे वेगळे सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून यंत्र चालवू नये, कारण ती आतून तापते.

आता पसाऱ्याकडे येऊ. छोट्या जागा हत्यारांनी क्वचित तुंबतात. त्या तुंबतात अर्धवट कामांनी. खुर्चीचा पाय फेविकॉल लावून शिकंज्यात धरला, की पूर्ण ताकद यायला दिवसभर जातो. मिक्सर उघडला, पण कार्बन ब्रश दुकानात मिळाले नाहीत. सायकलच्या फ्री-व्हीलची वाट पाहायची आहे. तीन कामे थांबली की टेबल गेले, आणि टेबल गेले की चौथे काम जमिनीवर, पाचवे जेवणाच्या टेबलावर. म्हणून फळ्यांची सगळ्यात चांगली जागा, कमरेपासून डोळ्यांपर्यंतची, हत्यारांना न देता थांबलेल्या कामांना द्यावी. एका कामाला एक ताट. काठाचे स्टीलचे ताट या कामासाठी ट्रेपेक्षा सरस. मिक्सरच्या तळाचे चार स्क्रू, रबरी पाय, कपलर, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने काठालगत डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि मोटर मध्ये. सुटा भाग आणायचा असेल तर त्याची चिठ्ठी ताटातच. ताट उचलून फळीवर ठेवले की टेबल मोकळे, आणि पंधरा दिवसांनी उतरवले तरी काम कुठे थांबले होते ते ताट पाहूनच कळते. फळीवर पाच ताटे मावत असतील, तर एका वेळी पाचच कामे उघडी ठेवायची.

टेबल एकच असले तरी त्याची उंची सगळ्या कामांना सारखी चालत नाही, हा आक्षेप रास्त आहे. रंधा मारताना अंगाचा जोर वरून लागतो, म्हणून टेबल उभ्या माणसाच्या लोंबत्या हाताच्या मनगटाएवढे हवे. सोल्डरिंगला नजर जवळ लागते, म्हणून ते कोपराएवढे. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतो, तेव्हा त्याला हा प्रश्नच पडत नाही. उभ्याने काम करणाऱ्याने टेबल मनगटाच्या उंचीचे करावे आणि बारीक कामासाठी त्यावर चढवायला प्लायचा सहा-आठ इंच उंच पाट करून ठेवावा. या पाटाचा दुसरा गुण जास्त मोलाचा आहे. त्यावर कधी तेल पडत नाही, कधी कानस चालत नाही. स्वच्छ कामाला त्यामुळे स्वतःची अशी भूमी मिळते आणि काम झाले की पाट कापडात गुंडाळून उभा ठेवता येतो.

हत्यारे कुठे लावायची, हा प्रश्न इतक्या उशिरा आला आहे, कारण वाटणी झाली की तो निम्मा सुटलेला असतो. तेलाची हत्यारे एका झाकणाच्या पेटीत, धुळीची खिडकीशेजारच्या भिंतीवर, स्वच्छ कामाची दाराजवळच्या बंद खणात. दोन घरांत लागणारे हत्यार, उदाहरणार्थ स्क्रू ड्रायव्हर, खुशाल दोन घ्यावीत. तेलकट आणि कोरडा असे दोन स्क्रू ड्रायव्हर ही उधळपट्टी नव्हे. अमेरिकेत पाककलेच्या प्रसिद्ध लेखिका ज्युलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे पती पॉल यांनी भोकांच्या फळीवर प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा काढून ठेवली होती. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. भिंतीवर हत्यारांच्या अशा रेषा काढल्या की घरातले कुणीही, शिकणारे मूलही, पटाशी बरोबर जागी परत लावू शकते. कोकणपट्टीत आणि गोव्यात पावसाळ्यात उघड्या भिंतीवरच्या पोलादाला चार दिवसांत तांबूस छटा येते. तिथे धारेची हत्यारे मशीनच्या तेलाचा हात देऊन बंद पेटीतच बरी.

एवढा खटाटोप करायचाच कशाला, कारागीर स्वस्तात मिळतो, असे कुणी म्हणेल. मोठ्या कामाला कारागीरच हवा, याबद्दल वाद नाही. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट घरी कापण्याचा हट्ट कुणी धरू नये. मापे दिली की पुष्कळ दुकानदार कापून देतात आणि ते सरळ कापतात. पण दाराच्या एका बिजागरीसाठी, मिक्सरच्या एका ब्रशसाठी सुतार किंवा मेकॅनिक यायला तयार नसतो, आणि त्याचे चुकतही नाही, कारण त्याची अर्धी मजुरी येण्याजाण्यात जाते. असल्या वस्तू दुरुस्त न होता टाकल्या जातात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, ही अडचण खरी आहे, पण प्लायची उभी फळी पायावर टेकवून भिंतीला नुसती रेलवली तरी हत्यारांची भिंत होते. आवाजाचा आक्षेप मात्र वळसा घालून सोडवता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्र दहापासून सहापर्यंत धरली आहे. ग्राइंडर आणि ड्रिल या मर्यादेत बसत नाहीत. त्यांना दुपारचा अर्धा-पाऊण तास द्यावा, तोही खालच्या-वरच्या घरात विचारून, आणि रात्री शिवण, सोल्डरिंग, हाताने घासणे. म्हणजे वेळेची वाटणी इथेही आलीच.

प्रत्येक कामानंतरच्या पुसणीला दहा मिनिटे पुरतात. ती वाचवावीशी वाटतात, पण रुतलेला स्पीकर आणि डागाळलेली फळी यांत गेलेला वेळ त्यांच्या कितीतरी पट असतो. वर्षातून एकदा मात्र सगळे बाहेर काढावे, आणि त्यासाठी खंडेनवमीसारखा दिवस नाही. त्या दिवशी हत्यारे पुसून, तेल देऊन, हळदकुंकू वाहून मांडण्याची रीत घरोघरी आहे. मांडताना पाहावे: ज्या हत्यारावर गेल्या खंडेनवमीचे कुंकू अजून तसेच आहे, ते पूजा झाल्यावर भिंतीवर परत लावू नये, माळ्यावर टाकावे किंवा ज्याला लागते त्याला देऊन टाकावे, आणि त्याच्या जागी आणखी एक ताट मावते का ते बघावे.