आकृतीचे भाषांतर : सॉफ्टवेअरच्या आराखड्यातील अर्थनिश्चिती

सॉफ्टवेअरच्या आराखड्यात दोन भाषा नांदतात. एक चौकटी आणि बाणांची, म्हणजे आकृतीची. दुसरी आकारिक, गणिती तर्कशास्त्राने बांधलेल्या चिन्हांची. पहिली ग्राहक व अभियंता दोघांनाही वाचता येते. दुसरीतील विधान सिद्ध करता येते. या दोहोंचा मेळ म्हणजे सूत्रांशेजारी चित्र काढणे, हा समज अपुरा आहे. प्रश्न आकृतीच्या अर्थाचा आहे.

डेव्हिड हॅरेल यांनी 1983 मध्ये इस्रायलच्या लावी या लढाऊ विमानाच्या प्रणालीवर काम करताना 'स्टेटचार्ट' ही आकृतिपद्धती घडवली. त्यांचा निबंध 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात एका अवस्थेच्या पोटात दुसरी अवस्था असू शकते. लिफ्टचे उदाहरण घ्यावे. 'सेवेत' ही बाहेरची चौकट, तिच्या आत 'वर जात आहे' ही दुसरी. धोक्याची घंटा वाजली की बाहेरच्या चौकटीवरचा बाण सांगतो, जागीच थांबावे; आतल्या चौकटीवरचा सांगतो, पुढच्या मजल्यावर थांबून दार उघडावे. हॅरेल यांच्या स्टेटमेट या साधनात बाहेरच्या बाणाला अग्रक्रम आहे, तर 1997 मध्ये प्रमाण ठरलेल्या यूएमएलमध्ये आतल्या. रेघ न् रेघ तीच. पण एका वाचनात माणूस दोन मजल्यांमध्ये अडकतो, दुसऱ्यात बाहेर पडतो. मायकेल फॉन डेर बीक यांनी 1994 मध्ये स्टेटचार्टच्या सुमारे वीस प्रकारांची तुलना केली. गीतेवरील शांकर व रामानुज भाष्ये शेजारी ठेवून वाचणाऱ्यास ही स्थिती अपरिचित वाटणार नाही.

मुंबईतील संशोधकांनी या प्रश्नाला भाषांतराच्या वाटेने हात घातला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आर. के. श्यामसुंदर, भाभा अणुसंशोधन केंद्राचे ए. के. भट्टाचार्जी व एस. डी. धोडपकर आणि संजित सेशिया यांनी 1999 मध्ये तुलूज येथील आकारिक पद्धतींच्या जागतिक परिषदेत स्टेटचार्टचे एस्टेरेल या भाषेत यांत्रिक भाषांतर करण्याची रीत मांडली. एस्टेरेल ही फ्रान्समध्ये जन्मलेली शाब्दिक भाषा; तिचा अर्थ गणिताने निश्चित केलेला असल्याने पडताळणीची साधने तिच्यापाशी तयार होती. अभियंत्याने आकृतीत विचार करावा, सिद्धता मात्र तिच्या भाषांतरावर तपासावी, अशी ही श्रमविभागणी. अणुकेंद्रातील नियंत्रणप्रणालींना तिचे मोल वेगळे सांगायला नको.

साहित्याचा भाषांतरकार मूळची संदिग्धता जपू शकतो. कित्येकदा तेच त्याचे कौशल्य ठरते. येथे मात्र कोणता बाण आधी, हे भाषांतरापूर्वीच ठरवावे लागते. शिवाय परतीचा प्रवासही आहेच : एस्टेरेलच्या संहितेत सापडलेला दोष मूळ आकृतीत नेमक्या कोणत्या बाणाचा, हे दाखवता आले तरच अभियंत्याला तो दुरुस्त करता येतो.