केबलच्या वहीतला महाराष्ट्र

अल्फा मराठी कितव्या नंबरवर लावायचं, यावरून भंडाऱ्याकडच्या आमच्या वरठीत एके काळी चांगली भांडणं झालेली आहेत. आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. पण तेव्हा बऱ्याच घरांतल्या टीव्हीला आठ नाही तर बारा बटणं असत आणि बाराच्या पुढची वाहिनी म्हणजे त्या घरापुरती नसलेलीच वाहिनी. माझ्या मामेभावानं केबलचा धंदा टाकला होता, वसुलीची वही माझ्याकडे होती, त्यामुळे या भांडणांचे निवाडेही माझ्याच गळ्यात. एकीकडे सनफ्लॅग कारखान्यात कामाला आलेली उत्तरेकडची कुटुंबं. त्यांना झी, स्टार, सोनी हवं. दुसरीकडे गावातली जुनी घरं. त्यांना मराठी हवं, पण सिनेमा मात्र हिंदीच. प्रत्येक वाहिनीला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर लागे, म्हणजे वाहिनी वाढवायची तर पदरचे पैसे घालायचे. भावानं गाण्यांची वाहिनी उठवून तिच्या जागी अल्फाला सहावं बटण दिलं, तेव्हा पोरांनी महिनाभर पैसे दिले नाहीत. त्यांच्या आयांनी मात्र न मागता दिले.

तिथून मला मराठी वाहिन्यांचं वेड लागलं. कोणती मालिका कधी सुरू झाली, कधी गुंडाळली, कोणत्या वेळेला कोण कोणासमोर उभं ठाकलं, याच्या नोंदी मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर करत गेलो. या लेखाचा कच्चा माल तोच.

रीतीप्रमाणे इतिहास उरकून घेतो. सुभाष चंद्रा हरयाणातल्या हिसारचे. टूथपेस्टच्या ट्यूब बनवण्याचा कारखाना, मग मुंबईतलं एस्सेलवर्ल्ड आणि २ ऑक्टोबर १९९२ला एशियासॅट उपग्रहावरून झी टीव्ही. मुंबई दूरदर्शनला त्याच दिवशी वीस वर्षं पुरी झाली होती. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी, २०००च्या जुलैत रामोजी रावांची ईटीव्ही मराठी, २००५ला अल्फाचं नाव झी मराठी, २००७ला झी टॉकीज, २००८च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाह, २०१५ला ईटीव्हीचं कलर्स मराठी, २०१६ला झी युवा, २०१८ला सोनी मराठी. झालं. बाकीचं ज्याला हवं त्यानं शोधावं. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

रात्री आठला वसुलीला गेलो तर पैसे मिळत नसत, ‘बसा जी’ मात्र मिळे. मग बसायचं आणि बघायचं. ‘आभाळमाया’तली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी, ‘प्रपंच’मधलं समुद्राकाठचं घर, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले दिलीप प्रभावळकरांचे आबा, मग ‘अवंतिका’, ‘वादळवाट’. अजूनही म्हणतो, अल्फानं पहिल्या पाच-सहा वर्षांत जे केलं त्याला तोड नाही. नाटकातले लेखक, नाटकातले नट आणि घाई न करणारे संवाद. टिपरे तर आठवड्यातून एकदाच भेटायचे, म्हणून पाहुण्यासारखे गोड वाटायचे. पुढे रोजच्या मालिकांचा रतीब सुरू झाला. ईटीव्हीवर ‘चार दिवस सासूचे’ २००१ला जी सुरू झाली ती तीन हजारांवर भाग करून २०१३लाच थांबली. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीनं पहिला भाग शाळेच्या गणवेशात पाहिला आणि शेवटचा स्वतःच्या पोराला मांडीवर घेऊन.

तरी या सगळ्यांत एक गोष्ट मला खुपत होती. ही सगळी घरं मुंबई-पुण्याकडची. वसुलीच्या वहीत माझा महाराष्ट्र वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे होता आणि पडद्यावरचा महाराष्ट्र कल्याणला संपत होता. २००८-०९च्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’नं तो जरा रुंद केला. अंतिम पाचांत आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. नकाशा काढून बघा. कोकण आलं, देश आला, मराठवाडा आला. आम्ही एसएमएस पाठवण्यापुरते. स्टेशनजवळच्या रिचार्जच्या टपरीवर त्या दिवसांत रांग असे आणि टपरीवाला गाणं न ऐकताच कोण पुढे आहे ते सांगे.

नकाशा का असा, याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. टीआरपी मोजायची पेटी जिथे, तिथली आवडनिवड पडद्यावर. आधीच्या ‘टॅम’ संस्थेची मीटर शहरांतल्या घरांत असत. खेडं मोजलंच जात नसे. २०१५ला ‘बार्क’ आली. तिच्या पद्धतीत वाहिनीच्या आवाजातच कानाला न कळणारी खूण भरलेली असते. घरातलं मीटर ती खूण ओळखतं आणि कोण बघतंय ते घरातल्यांनी आपापलं बटण दाबून सांगायचं. सुरुवातीला देशभरात वीसेक हजार घरं. त्यावर कोट्यवधींच्या जाहिराती ठरतात, हे ऐकून आमचा भाऊ म्हणाला होता, ‘एवढ्या माणसांवर तं मी धंदाही केला नसता.’ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाचे आकडे यायला लागले. आणि पुढच्या दीड वर्षातल्या माझ्या नोंदी बघा. फेब्रुवारी २०१६ला सावंतवाडीकडची ‘रात्रीस खेळ चाले’, ऑगस्टमध्ये नागपूरच्या राधिकेची ‘माझ्या नवऱ्याची बायको’, ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरच्या तालमीतली ‘तुझ्यात जीव रंगला’, मे २०१७ला साताऱ्याच्या फौजी पोराची ‘लागिरं झालं जी’. चारही झी मराठीवर. हा योगायोग आहे असं कोणी म्हणेल; मी म्हणणार नाही. गाव मोजलं गेलं आणि गाव दिसायला लागलं.

यातली राधिका सुभेदार हा माझा खास विषय, तेव्हा इथे जरा बसतो.

नागपूरची मुलगी ठाण्यात सासरी, नवरा गुरुनाथ ऑफिसातल्या शनायाच्या नादी लागलेला. गोष्ट जुनीच. नवं होतं ते तिचं बोलणं. ‘काय करून राहिले जी तुम्ही?’ असं आठच्या वेळेला, तेही नायिकेच्या तोंडून, आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. पहिल्या आठवड्यात एका घरी वसुलीला गेलो तर आजीनं मला हातानंच गप्प केलं आणि सुनेला म्हणाली, ‘मायबाई, हे तं आपल्यासारखीच बोलून राहिली वं!’ भूमिका करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या, हे नंतर कळलं तेव्हा आजीचा विश्वास बसेना. पाहुण्या मुलखातल्या नटीनं हेल इतका नेमका पकडला, याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. आता आमच्याकडचे खडूस लोक म्हणणारच की ते नागपूरचं झालं, वरठीचं नव्हे. बरोबर आहे. आमच्या झाडीपट्टीत पाण्याचं पानी होतं आणि डोळ्याचा डोरा, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासात हयात घातली ती काही उगाच नाही. पण भुकेल्या माणसानं भाकरी कोणत्या पिठाची हे विचारू नये.

माझी तक्रार दुसरीच आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला कोल्हापूरचा राणादा आपल्या बोलीसकट नायक होता. त्याचं बोलणं म्हणजे त्याचा रांगडेपणा, त्याची ताकद. राधिकेचं बोलणं मात्र सुरुवातीला तिच्या भोळेपणाची खूण होती. ती फसते, कारण ती साधी. ती साधी हे कळतं तिच्या बोलण्यावरून. पुढे तिनं मसाल्याचा व्यवसाय काढला, कंपनी कोटींच्या घरात नेली, समाजमाध्यमांवर त्याची थट्टाही झाली, पण बोलणं तेच ठेवलं. तिथे मला मालिका खरी आवडली. एरवी विदर्भ छोट्या पडद्यावर यायचा तो हसवायला. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोलीचं सोनं केलं, थुकरटवाडीचे सरपंच म्हणून ते दिसले की आमच्याकडे घरं हसायची. त्यांच्या तोडीचा नट दुसरा दाखवा. पण आमच्या वाट्याला विनोदच का, वाडा का नाही, बुलेट का नाही?

हा प्रश्न मी एकदा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर विचारून आलो. भाचीच्या ओळखीनं एका मालिकेचं चित्रीकरण बघायला मिळालं. बाहेरून बंगला, आत प्लायवूडचा दिवाणखाना. देव्हाऱ्यातली समई खरी, भिंत खोटी. बारा तासांची पाळी, रोज बावीस मिनिटांच्या आसपासचा मजकूर हाती लागलाच पाहिजे. तयार भागांचा साठा असतो त्याला तिथे ‘बँक’ म्हणतात आणि ती संपत आली की सगळ्यांचे चेहरे पडतात. गुरुवारी आकडे येतात. त्या दिवशी लेखकाचा फोन वाजला की तो आधी पाणी पितो म्हणे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि वर वाहिनीची माणसं. तिथल्या एका व्यवस्थापकानं माझ्या प्रश्नाचा हिशेबच मांडला. नटांचे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्यात नाटकाचे प्रयोग असतात. साताऱ्याहून माणूस रात्रीत परत येतो. तुमचं भंडारा नऊशे किलोमीटर. मी म्हटलं, आमच्या भंडारा रोड स्टेशनवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरला जाते. तो हसला, चहा मागवला, विषय संपला. २०२१च्या टाळेबंदीत राज्यात चित्रीकरणं बंद झाली तेव्हा हीच मंडळी गोव्याला गेली आणि मे महिन्यात गोव्यानंही दार लावलं. तेव्हा मला त्या चहाची आठवण झाली होती.

‘होम मिनिस्टर’बद्दल बोललो नाही तर घरची मंडळी मला जेवू घालणार नाहीत. १३ सप्टेंबर २००४ला आदेश बांदेकर भावोजी होऊन पहिल्या घरात शिरले आणि पैठणी या कापडाचं नशीब उघडलं. २०२२च्या ‘महा मिनिस्टर’मध्ये तर अकरा लाखांची पैठणी ठेवली होती, येवल्यात विणलेली. कार्यक्रम मला मनापासून आवडतो. घरातल्या बाईला नाव घेऊन, खुर्ची देऊन, तिचं ऐकून घेणं ही साधी गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती. पण वरठी ज्या मोहाडी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात आंधळगाव आहे. तिथे कोशाचं कापड विणतात. जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचा टसरचा कोश, त्याचा मातकट सोनेरी धागा आणि काठाला करवतीच्या दातांची नक्षी. करवती काठाच्या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मी आंधळगावात मागावर ती साडी बघितली आहे. काठाचा धागा आणि अंगाचा धागा दर फेऱ्याला एकमेकांत अडकवावा लागतो, त्यासाठी तीन धोटे. विणकराचे हात बघताना आपलेच खांदे दुखतात. एखाद्या भागात पैठणीऐवजी करवती दिली असती तर पैठणीचं काय बिघडलं असतं?

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारी २०१९पासून वाहिनीगणिक पैसे मोजायची पद्धत आली. झी मराठीची किंमत १९ रुपये, आणि वहीत पहिल्यांदाच लोक स्वतःच्या तोंडानं वाहिन्या खोडायला सांगू लागले. पुढे ‘आई कुठे काय करते’, ‘ठरलं तर मग’ यांच्या जोरावर स्टार प्रवाहनं झीची गादी घेतली. २०२४च्या जानेवारीत सोनीबरोबरचं झीचं विलीनीकरणही फिसकटलं. भावाकडे आता जोडण्या कमी आणि इंटरनेटची बिलं जास्त.

वाहिनी आमच्याकडे आली नाही, पण वाहिनीची माणसं येतात. भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडईचा हंगाम सुरू होतो. गावोगाव जत्रा, दंडार, खडी गंमत आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. या रंगभूमीची पेठ गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. तिथे नाटक मंडळांची कार्यालयं आहेत, गावाची समिती तिथे जाऊन तारीख आणि नाटक ठरवून येते. होळीपर्यंत हे चालतं. २०२३ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव कळलं. अलीकडे फलकावर मालिकेतल्या नटीचा फोटो मोठा आणि आमच्या विनोदी नटाचा कोपऱ्यात. मुंबईची बाई विदर्भ एक्स्प्रेसनं उतरते, शामियान्यात पहाटेपर्यंत उभी राहते. प्रवेशाच्या मध्येच आमचा गडी तिला झाडीबोलीत असं काही विचारतो की तिला संवाद सुचत नाही आणि शामियाना डोक्यावर घेतला जातो. अशा एका नाटकाला मी पहिल्या रांगेत होतो. बाई पुरती गोंधळली, मग पदर तोंडाला लावून तीही हसली, आणि पुढचा प्रवेश तिनं जीव ओतून केला.

यंदाच्या समितीच्या बैठकीत दोन तट पडले होते. एकाला मालिकेतला चेहरा हवा, दुसऱ्याला त्याच पैशात दोन ऑर्गनवाले आणि चांगला खलनायक. मी खलनायकाच्या बाजूनं हात वर केला, पण बाया एकमुखानं चेहऱ्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या. नाटक साडेदहाला सुरू करायचं, हे मात्र कोणी न बोलता ठरलं. मालिका संपल्याशिवाय शामियान्यात येणार कोण?