कॅलिफोर्नियातील घरगुती पाळणाघर आणि आजीच्या बोटांचे ठसे

मुलीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी गोव्यातून कॅलिफोर्नियाला जाऊन पाच-सहा महिने राहणारे आई-वडील आज आपल्या ओळखीत सहज आढळतात. त्यांच्यापैकी काहींना तेथे पोहोचल्यावर एक अनपेक्षित गोष्ट कळते. स्वतःचे मूल सांभाळता सांभाळता शेजारपाजारची आणखी तीन-चार मुले सांभाळावीत, असे मुलीने ठरवलेले असते आणि त्यासाठी राज्य सरकारचा परवाना घेताना तिच्याबरोबर घरात राहणाऱ्या आजी-आजोबांचीही पडताळणी व्हायची असते. परवान्यापूर्वी अधिकारी घर पाहायला येणार असतो. या तपासणीची तयारी म्हणजे भिंतींना रंग देणे आणि खेळणी मांडून ठेवणे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात अधिकारी घराच्या रोजच्या सवयी तपासतो. आपल्याकडील कुटुंबांना त्यातील ज्या सवयी बदलणे सर्वांत जड जाते, त्या नेमक्या मायेपोटी जपलेल्या असतात.

परवाना कोणाला लागतो, हे आधी पाहू. स्वतःच्या मुलांखेरीज फक्त एकाच कुटुंबाची मुले सांभाळली, तर कॅलिफोर्नियात परवान्याची गरज नाही. दुसऱ्या कुटुंबाचे मूल घरात आले की गरज सुरू होते. विनापरवाना पाळणाघर चालवल्यास दिवसाला २०० डॉलर दंड होऊ शकतो. लहान घरगुती पाळणाघराच्या अर्जाचे शुल्क त्या मानाने किरकोळ म्हणजे ७३ डॉलर आहे. भाड्याच्या घरातही हा व्यवसाय करता येतो. घरमालकाला ३० दिवस आधी लेखी कळवावे लागते. पाळणाघर आहे एवढ्याच कारणास्तव त्याला मनाई करता येत नाही. २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने नगरपालिकांनाही अशा घरांवर वेगळा व्यवसाय परवाना लादता येत नाही.

तपासणीत पहिली गोष्ट होते ती मोजदाद, आणि बहुतेक घोटाळा तेथेच होतो. दोन वर्षांखालील प्रत्येक मूल नियमाच्या भाषेत ‘तान्हे’ समजले जाते. लहान पाळणाघरात केवळ तान्हीच मुले ठेवायची असतील तर ती चार. मिश्र वयाची असतील तर एकूण सहा, परंतु त्यांत तान्ही तीनपेक्षा जास्त नकोत. आठपर्यंत जायचे असल्यास तान्ही दोनच, शिवाय त्या आठांपैकी किमान एक शाळेच्या बालवर्गात जाणारे आणि एक किमान सहा वर्षांचे हवे. मदतनीस ठेवून चालवायच्या मोठ्या पाळणाघरात ही मर्यादा बारा आणि चौदा होते. त्यासाठी अग्निशमन खात्याची मंजुरीही लागते.

या आकड्यांत घरातली दहा वर्षांखालील स्वतःची मुलेही धरली जातात, ही गोष्ट विसरली जाते. एक उदाहरण घेऊ. एका आईचे स्वतःचे बाळ दीड वर्षाचे आहे. ती आणखी तीन तान्ही मुले घेते. एकूण चार, सर्व तान्ही, नियमात बसले. दुपारी अडीच वाजता तिची सात वर्षांची मोठी मुलगी शाळेतून घरी येते. त्या क्षणी घरात मिश्र वयाची पाच मुले झाली आणि त्यांत तान्ही चार. पाच हा आकडा सहाच्या आत असूनही नियमभंग झाला, कारण मिश्र गटात तान्ही तीनच चालतात. सकाळी अकराला आलेल्या अधिकाऱ्याला सर्व ठीक दिसेल, दुपारी तीनला आलेल्याला दिसणार नाही. म्हणून मुलांना प्रवेश देताना दिवसाच्या प्रत्येक तासाला घरात कोण कोण असेल, याचा तक्ता कागदावर मांडून पाहावा.

मुलांनंतर मोठ्या माणसांची मोजणी होते. घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचे बोटांचे ठसे इलेक्ट्रॉनिक यंत्रावर घेऊन राज्याच्या न्याय विभागाकडे आणि केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयकडे पडताळले जातात. बालकांवरील अत्याचाराच्या नोंदवहीतही नाव तपासतात. ती व्यक्ती मुलांना हात लावत नाही, दिवसभर वरच्या मजल्यावर वाचत बसते, ही सबब चालत नाही. पडताळणी न झालेली व्यक्ती घरात आढळली तर दर दिवशी १०० डॉलर, पहिल्या खेपेला कमाल पाच दिवसांपर्यंत, असा तत्काळ दंड आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामाला येणाऱ्या आजी-आजोबांबाबत त्यांची विमानतिकिटे काढतानाच परवाना कार्यालयाला विचारून ठसे देण्याची वेळ ठरवणे शहाणपणाचे. आपल्या ज्येष्ठांना हे अपमानास्पद वाटते. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला गुन्हेगारासारखे ठसे द्यायला लावणे, अशी भावना होते. पण हा नियम सर्वांना सारखाच आहे आणि त्यामागे अनोळखी घरात मूल सोडून जाणाऱ्या आईची काळजी आहे, एवढे त्यांना आधीच समजावून सांगितले तर ऐनवेळचा रुसवा टळतो.

क्षयरोग नसल्याचा दाखलाही घरातील प्रौढांना लागतो. येथे भारतातून गेलेल्यांची एक विशिष्ट अडचण होते. लहानपणी बीसीजीची लस घेतलेल्यांची त्वचेवरील चाचणी पुष्कळदा क्षयरोग नसतानाही सकारात्मक येते. मग छातीचा एक्स-रे काढावा लागतो आणि आठवडे जातात. बीसीजीचा परिणाम न होणारी रक्तचाचणी उपलब्ध आहे. डॉक्टरांकडे प्रथमपासून तीच मागावी. पाळणाघर चालवणाऱ्या व्यक्तीला गोवर आणि डांग्या खोकला यांच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो. इन्फ्लुएन्झाची लस मात्र लेखी देऊन नाकारता येते. चाळीस वर्षांपूर्वी डिचोलीच्या आरोग्य केंद्रात घेतलेल्या लसीचे कार्ड कोणापाशी शिल्लक असणार? अशा वेळी गोवराची प्रतिकारशक्ती रक्तचाचणीने सिद्ध करता येते.

मदतीचा मुद्दाही येथेच सांगून टाकतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना तेथे काम करण्याची मुभा नसते, त्यामुळे त्यांना मदतनीस म्हणून दाखवणे किंवा तसे राबवणे व्हिसाच्या अटींचा भंग ठरू शकते. नोकरदार पतीवर अवलंबून असलेल्या व्हिसावरील पत्नीलाही कामाचा स्वतंत्र परवाना लागतो. पाळणाघराचा परवाना मिळाला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत.

आता घर. नियमांत दोन शब्द येतात आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. विषारी पदार्थ आणि शस्त्रे ‘कुलपात’ हवीत. औषधे, धुण्याची पावडर, फिनेल यांसारख्या वस्तू ‘मुलांच्या हाती न लागतील अशा’ ठेवायच्या. स्वयंपाकघरातील कपाटे बहुतेक जण नीट बंद करतात. निसटते ती आजोबांची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी, जी उशाशी असते, आणि आजीची पर्स, जी पलंगाच्या कोपऱ्यावर असते. देवघर खाली मांडलेले असेल तर तेवती समई, काडेपेटी आणि कापूर हेही मुलांच्या टप्प्यात येतात. देवघर हलवायचे नसेल तर मुले घरी असताना ज्योत लावू नये. पाच वर्षांखालील मुले असताना जिन्याला अडसर हवा. शेकोटीपुढे जाळी हवी. आगविझवणे यंत्र, धुराची सूचना देणारे आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू स्थितीत हवे. अधिकारी बटण दाबून पाहतो, म्हणून बॅटरी आदल्या आठवड्यात बदलावी. आपल्याकडे हौसेने भेट दिला जाणारा चाकांचा वॉकर तेथील पाळणाघरात ठेवायलाच बंदी आहे. जिन्यावरून आणि उंबरठ्यावरून होणारे अपघात हे त्याचे कारण.

परसात पोहण्याचा तलाव असेल तर किमान पाच फूट उंचीचे कुंपण, आपोआप बंद होणारे आणि तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारे फाटक, अथवा मोठ्या माणसाचे वजन पेलणारे आच्छादन हवे. वाड्यातल्या विहिरीचा कठडा किती उंच असावा, हे आपल्या पूर्वजांना कोणी शिकवावे लागले नव्हते. बादलीभर पाण्याकडे मात्र आजही आपले दुर्लक्ष होते; रांगणारे मूल बुडायला तेवढे पाणी पुरते.

सर्वाधिक कठोर नियम झोपेचे आहेत आणि आजीशी खरा वाद तेथेच होतो. कॅलिफोर्नियाने हे नियम २०२० मध्ये सविस्तर केले. एक वर्षापर्यंतच्या बाळाला पाठीवरच झोपवायचे. पाळण्यात घट्ट बसणाऱ्या चादरीखेरीज काही नको: उशी नको, गोधडी नको, मऊ खेळणे नको. वर काही टांगलेले नको. चोखणी चालते, पण तिला दोरी वा फीत बांधलेली चालत नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळून झोपवण्यास स्पष्ट मनाई आहे. झोळी किंवा झुलत्या खुर्चीत झोपवता येत नाही. मांडीवर झोप लागली तर शक्य तितक्या लवकर पाळण्यात ठेवायचे.

म्हणजे बाळंतविड्यातील निम्म्या वस्तू बाद झाल्या. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मायेने शिवून नेलेली मोहरीची उशी, घट्ट गुंडाळायची सुती दुपटी, साडीची झोळी, पाळण्यावर टांगलेले चिमण्यांचे झुंबर. पिढ्यान्‌पिढ्या मुले अशीच वाढली, हा आजीचा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यात जी वाढली नाहीत त्यांची मोजणी कोणी केलेली नसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशव्यापी मोहीम झाली आणि पुढील वर्षांत झोपेत होणाऱ्या आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. गुंडाळलेले बाळ एकदा पालथे झाले की हातांचा आधार घेऊन मान वळवू शकत नाही. उशीत नाक रुतले तर ती बाजूला सारू शकत नाही. पाठीवर झोपून डोक्याची मागची बाजू काहीशी चपटी होते हे खरे, पण बहुतेक बाळांत ती हळूहळू सावरते, आणि जागेपणी देखरेखीखाली पोटावर खेळवणे हा त्यावर उपाय आहे. स्वतःच्या नातवाला कसे झोपवावे हे कुटुंबाने ठरवावे. दुसऱ्याच्या बाळाबाबत मात्र येथे निवड नाही.

दोन वर्षांखालील झोपलेल्या मुलाला दर १५ मिनिटांनी प्रत्यक्ष जाऊन पाहायचे आणि त्याची नोंद करायची: श्वास नीट आहे ना, घाम आला आहे का, अंग तापले आहे का. ही वही तपासणीत हमखास मागितली जाते. संध्याकाळी बसून एका दमात भरलेली वही अनुभवी अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते. सगळ्या वेळा गोल आकड्यांत, सगळी अक्षरे एकाच ओघात. घड्याळात गजर लावून जागच्या जागी लिहिणे हाच मार्ग.

परवान्याआधी १६ तासांचे आरोग्य व प्रथमोपचार प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यातला एक तास शिशाच्या विषबाधेसाठी असतो. हा तास आपल्या घरांना विशेष लागू आहे. अमेरिकेतील आरोग्य यंत्रणांना शेंदूर, काजळ, सुरमा आणि काही मसाल्यांत, विशेषतः रंग वाढवण्यासाठी भेसळ केलेल्या हळदीत, शिसे वारंवार आढळले आहे. तान्ह्या मुलांच्या रक्तात ते थोडे गेले तरी मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. दृष्ट लागू नये म्हणून दुसऱ्याच्या बाळाला काजळाची तीट लावण्याचा मोह आवरावा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगायचे तर मुलांची अद्ययावत यादी, प्रत्येकाचे संपर्क व लसीकरण पत्रक, आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी घेतलेल्या आग व भूकंपाच्या सरावाची तारीख-वेळ एका फायलीत ठेवली की पुरे. विमा नसेल तर पालकांनी ते मान्य असल्याचे सही केलेले पत्र लागते.

पहिली भेट वेळ ठरवून होते. परवाना मिळाल्यानंतरची वार्षिक तपासणी पूर्वसूचनेविना होते आणि कामाच्या वेळेत अधिकाऱ्याला दारातून परत पाठवणे हाच स्वतंत्र दोष ठरतो. तो आल्यावर मुलांना सोडून त्याच्यामागे फिरू नये. मुलांवर लक्ष ठेवले जाते की नाही, हेही तो पाहत असतो. आढळलेले दोष दोन वर्गांत नोंदवले जातात. मुलाला तत्काळ धोका असेल तर ‘अ’ वर्ग. तो ताबडतोब दुरुस्त करावा लागतो, अहवाल ३० दिवस दर्शनी भागात लावावा लागतो आणि पालकांना प्रत द्यावी लागते. पुढे धोका संभवत असेल तर ‘ब’ वर्ग. त्याला मुदत मिळते. अहवालावरील सही म्हणजे दोष मान्य केल्याची कबुली नव्हे, ती प्रत मिळाल्याची पोच असते, आणि न पटलेल्या नोंदीविरुद्ध लेखी अपील करता येते.

आपल्याकडे शेजारच्या काकूंच्या घरी मूल ठेवताना कोणी वही मागत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी आहेत. काकूंच्या घरी झोपेच्या वेळी अचानक डोकावून पाहणारे असलेच तर आई-वडीलच. कॅलिफोर्नियातील प्रत्येक परवानाधारक घराचे तपासणी अहवाल मात्र खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. नातू ज्या पाळणाघरात जातो तेथे गेल्या वर्षी काय आढळले, हे आजीला मडगावात बसूनही पाहता येते.