चित्राचा खरा रंग

लातूरच्या एखाद्या चित्रकारानें आपलें निळ्या छटांचें चित्र घरांतील पिवळ्या दिव्याखालीं ठेवून त्याचें छायाचित्र घ्यावें, तें मुंबईच्या मित्रास पाठवावें, आणि मित्रानें ‘पारवा रंग सुरेख साधला आहे’ असें कळवावें, ही गोष्ट आतां नित्याची झाली आहे. दोष चित्रकाराचा नाहीं, मित्राच्या दृष्टीचाहि नाहीं. रंग हा वस्तूस चिकटलेला गुण आहे, ही समजूत मात्र येथें सोडावी लागते. प्रकाश, रंगद्रव्य आणि पाहणारा डोळा किंवा यंत्र या तिघांच्या संयोगानें रंग उत्पन्न होतो. एक बदलला कीं रंगहि बदलला.

या प्रश्नाची खरी कसोटी मराठवाड्यांतच, अजिंठ्याच्या लेण्यांत लागते. लातूर आणि अजिंठा हीं दोन्ही स्थळें १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होतीं. त्या संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं १९३० पासून अजिंठ्याचे जे खंड प्रसिद्ध केले, ते हातानें केलेल्या नकलांवर नव्हे, तर छायाचित्रणावर आधारलेले होते. तत्पूर्वी मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यानें मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून करविलेल्या नकलांपैकीं पुष्कळशा १८८५ च्या लंडनमधीलच दुसऱ्या आगींत गेल्या. भिंतीवरील मूळ चित्रेंहि झिजत आहेत. तेव्हां अजिंठ्याचा रंग कोणता होता, हें सांगावयास उद्यां कदाचित् छायाचित्रच साक्षीला उरेल.

हा साक्षीदार सहज फसतो. लेण्यांच्या भिंतींवर गेरू आणि पिवळी माती यांचें प्राबल्य आहे. स्वयंचलित कॅमेरा दृश्याची सरासरी काढतो, एवढा तांबूस-पिवळेपणा पाहून ‘दिवाच पिवळा असला पाहिजे’ असें ठरवितो, आणि तो पिवळेपणा मोठ्या शहाणपणानें वजा करून टाकतो! त्याच भिंतींवर दूरच्या बदख्शानहून आलेल्या लाजवर्द दगडाची निळाई आहे. पिवळ्या दिव्यांत निळे किरण थोडे, म्हणून ती काळवंडते.

यावर उपाय असा कीं, चित्राशेजारीं त्याच प्रकाशांत एक रंगफलक ठेवावा. १९७६ पासून प्रचारांत असलेल्या अशा फलकावर चोवीस चौकोन असतात. त्यांपैकीं सहा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्यांचे. प्रत्येकाचा रंग आधींच मोजलेला असतो. कॅमेऱ्यानें तो कसा नोंदला, हें पाहून संगणक चुकीचा हिशेब मांडतो व तीच दुरुस्ती सर्व चित्रास लावतो. सोनारानें सोनें जोखण्यापूर्वीं वजनें तपासावींत, तसेंच हें.

तरीहि फरक उरतो. कॅमेऱ्यांतील लाल, हिरवीं व निळीं गाळणीं मानवी डोळ्याशीं तंतोतंत जुळत नाहींत. डोळ्यास सारख्या वाटणाऱ्या दोन निळ्या कॅमेऱ्यास निराळ्या दिसूं शकतात. छापखान्यांत तर लाजवर्दाची गडद झळाळी नेहमींच्या चार शायांच्या आवांक्यांतच नसते. दिनदर्शिकेवरील अजिंठ्यावर विश्वास ठेवूं नये तो यासाठीं.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र यंत्राचा नाहीं. १९२० ते १९२२ या काळांत लोरेन्झो चेक्कोनी व ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं पोपडे धरून ठेवण्यासाठीं चित्रांवर लाखेचा लेप दिला. लेपानें पोपडे धरले, पण लाख कालांतरानें पिवळी पडली. तिच्याखालचा निळा हिरवट दिसूं लागला. अशा ठिकाणीं कॅमेरा जितका प्रामाणिक, तितका तो लाखेशीं प्रामाणिक. संगणकावर ती पिवळी झांक काढतां येते, परंतु तें मोजमाप नव्हे, अनुमान होय. म्हणून अशा कामांत दोन प्रती राखाव्यात. अनुमानाच्या प्रतीवर तसें स्पष्ट लिहावें. मोजलेल्या प्रतीस हात लावूं नये, आणि तिच्या कडेचा रंगफलक शोभेसाठीं कापून टाकूं नये.