काकूंच्या पावत्यांची पेटी

सकाळी ७.३०. चहाआधीच ती वेबसाइट उघडून पाहतो. अजून चालू आहे. वर काकूंच्या मसाल्याचं नाव, खाली भलत्याच माणसाचा फोन नंबर. तारीख-वेळेसकट पान जपून ठेवतो. नोटीस पोचली की अशी पानं रातोरात नाहीशी होतात.

१०.००. काकू राहुरीहून एसटीनं तारकपूरला उतरून आल्या. बरोबर मुलगा आणि एक पत्र्याची पेटी. वेबसाइट बनवून देणाऱ्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. बिनसल्यावर त्याच नावावर तो दुसऱ्यांचा मसाला विकू लागला. "साहेब, नाव आमचं, ट्रेडमार्क आमचा. मग हे त्याला दिलं कोणी?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. डोमेन जो आधी घेईल त्याचं. विकणारी कंपनी ट्रेडमार्क कुणाचा ते तपासत बसत नाही.

११.००. दुपारपर्यंत पेटीच. पावत्या सालवार लावल्या. काहींना हळदीचे डाग, काहींवरची शाई उडालेली. डोमेन घेतलं त्या तारखेच्या आधीची प्रत्येक पावती मोलाची, म्हणून त्यांचा गठ्ठा वेगळा बांधला. जुन्यांवर जिल्हा अहमदनगर, नव्यांवर अहिल्यानगर. धंदा एकच आहे, २०२४ मध्ये नाव जिल्ह्याचं बदललं, हे अर्जात स्पष्ट लिहायला हवं. निकाल देणारा इथला असेलच असं नाही.

२.००. डबा खाऊन निकाल काढले. १९९९ मध्ये 'रेडिफ'नं 'रॅडिफ'विरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि एका अक्षराच्या फरकानं समोरचा सुटला नाही. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डोमेनलाही व्यापारी नावासारखं संरक्षण दिलं. त्या निकालावर माझा फार जीव आहे. छोट्या धंदेवाल्याला त्यानं उभं राहायला जागा दिली.

३.३०. आता वाट ठरवायची. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळे दावा इथल्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो, नुकसानभरपाईही मागता येते. पण डोमेन 'डॉट इन' आहे, म्हणून ही डोमेनं सांभाळणाऱ्या निक्सीकडे तक्रार करून लवाद नेमून घेता येतो. तिथं तीन गोष्टी दाखवायच्या: नाव आपल्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही आणि ते वाईट हेतूनं घेतलं किंवा वापरलं. लवादाचं काम सुरू झाल्यापासून साधारण ६० दिवसांत निवाडा अपेक्षित. मात्र नुकसानभरपाई नाही; डोमेन आपल्याकडे येतं किंवा रद्द होतं, फार तर खर्च मिळतो.

काकू लगेच म्हणाल्या, "पैसे ऱ्हाऊ द्या. नाव तेवढं आणा."

५.००. मुलाच्या मोबाइलमध्ये हवं ते सापडलं. नोंदणीच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम द्या, मग डोमेन सोडतो, असा त्या माणसाचाच व्हॉट्सॲप संदेश. वाईट हेतूचा याहून चांगला पुरावा शोधूनही मिळाला नसता. संदेश पुसू नको, फोन विकू नको, असं मुलाला दोनदा बजावलं. डिजिटल पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही तयार केलं.

८.४५. तक्रारीचा मसुदा संपत आला तोच काकूंचा फोन. कांडप यंत्रामागच्या फळीवर पहिल्या छपाईचं कोरं पाकीट सापडलंय, नाव आणि साल दोन्ही असलेलं.

"घडी घालू नका, काकू. वहीत ठेवा, उद्या पहिल्या एसटीनं मुलाला पाठवा."

पुराव्यांच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ मोकळी सोडली.